रात्री फॅन चालू असतो का?

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
आणि मंडळाचे नागपूरचे प्रादेशिक अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कूलर मिस्त्री आहे. होळी झाली की माझा हंगाम सुरू होतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की संपतो. या तीन महिन्यांत दोन-अडीचशे कूलर माझ्या हाताखालून जातात. जुन्या ताट्या काढायच्या, नवं गवत भरायचं, पंप तपासायचा, पंख्याला ग्रीस द्यायचं आणि टाकीच्या तळाशी बसलेला गाळ घमेल्यात काढून बाहेर टाकायचा. गाळ काढायचे वेगळे पैसे कोणी देत नाही. पण मला आता त्या गाळाचंच वेड लागलंय, कारण त्यात कारखान्यांचा धूर दिसतो, आणि हे पत्र त्या धुराबद्दलच आहे.

कूलर म्हणजे काय, तर घरातला हवा धुण्याचा घाट. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती ओल्या ताटीतून आत येते, धूळ ताटीला चिकटते आणि पाण्याबरोबर टाकीत उतरते. कारखान्यात याच कामाच्या यंत्राला स्क्रबर म्हणतात आणि त्याचे लाखो रुपये मोजतात. नागपुरात तो घरोघरी खिडकीला लटकलेला असतो. वर्षभराचा हिशेब टाकीत जमा होतो आणि मार्चमध्ये तो मी उघडतो.

धरमपेठ, बजाजनगरकडचा गाळ पिवळट-पांढरा असतो. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार असतो, सिमेंट रोडची धूळ असते आणि खोदून ठेवलेल्या रस्त्यांची माती. (कोणते रस्ते ते विचारू नका, यादी लांब आहे.) एमआयडीसीच्या बाजूच्या वानाडोंगरी, नीलडोह, डिगडोहकडचा गाळ काळा. त्यात जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं की चुंबकाला मिशी फुटते. महादुला, सुरादेवी, खापरखेड्याकडचा, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रांच्या बाजूचा, गाळ राखाडी, बोटांत साबणासारखा गुळगुळीत. तो बादलीत ढवळून तासभर ठेवला की वर पांढुरकी साय धरते. कोळशाच्या राखेत सुईच्या टोकापेक्षा बारीक पोकळ गोळे असतात, ते पाण्यावर तरंगतात. ॲश पाँडच्या, म्हणजे राखेच्या तळ्याच्या, काठी राहणाऱ्या पोरासोरांनाही ही साय ठाऊक आहे.

माझं घमेलं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, एवढं मला कळतं. जो कण सगळ्यात आत जाऊन फुप्फुसात बसतो, तो पीएम २.५, माझ्या गवताच्या ताटीतून बिनदिक्कत पार होतो. तो मोजायला यंत्र लागतं, माणसं लागतात, आणि या दोन्ही गोष्टी या गावात आहेत. देशाची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली नीरी, १९५८ पासून नागपुरातच आहे. आपल्या मंडळाची हवा मोजणारी केंद्रं सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर, महालात, रामनगरात आणि अंबाझरीत आहेत. तेव्हा मोजमापावर मी तुम्हाला काही शिकवणार नाही. मला एका फॅनबद्दल बोलायचं आहे.

कूलरच्या धंद्यात येण्याआधी मी अकरा वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. नाव लिहीत नाही. तो कारखाना आता दुसऱ्याच्या हातात आहे, आणि नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की गोष्ट त्या एकाच गेटच्या आतली आहे. भंगार वितळवायची इंडक्शन भट्टी होती, सहा टनांची. भट्टीवर हूड, हूडवरून डक्ट, डक्ट जाऊन मिळायचा बॅग फिल्टरला. बॅग फिल्टर म्हणजे लोखंडी खोलीत टांगलेल्या शेकडो लांब कापडी पिशव्या. धूर पिशवीच्या बाहेरून आत ओढला जातो, धूळ कापडावर राहते, स्वच्छ हवा चिमणीने जाते. मिनिटा-मिनिटाला दाबाची हवा मारून पिशव्या झटकल्या जातात आणि धूळ खाली हॉपरमध्ये पडते. हे सगळं चालतं ते एका मोठ्या फॅनच्या जोरावर. आम्ही त्याला आयडी फॅन म्हणायचो, साठ हॉर्सपॉवरचा. त्याचा स्टार्टर माझ्या पॅनलमध्ये होता.

दिवसा कुणीही येवो, फॅन चालूच सापडायचा. पाटी रंगवलेली, पिशव्या मोजून टांगलेल्या, रजिस्टर भरलेलं. भट्टी मात्र जोरात चालायची रात्री, कारण त्या वेळी कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या दरात सवलत होती. सहा टनांचा एक घाणा म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास युनिट. भट्टीवाल्याला युनिटमागे रुपया वाचला तरी केवढा. म्हणून भंगार दिवसा निवडायचं आणि रात्री वितळवायचं.

मी तिथे लागलो त्याच वर्षीच्या थंडीतली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास सुपरवायझर पॅनल रूमच्या दारात आला.

"फॅन काऊन चालू आहे बे अजून?"

मी म्हटलं, भट्टी चालू आहे म्हणून.

"बिल तू भरतं का? कर बंद. आता कोण येऊन राहिलं पाहायला?"

मी लाल बटण दाबलं. फॅन एकदम थांबत नाही. त्याची घरघर हळूहळू खाली उतरत जाते, एखादं गाणं रेडिओवर दूर जावं तशी, आणि मग शेडमध्ये फक्त भट्टीचा गुंजारव उरतो. पाच मिनिटांत हूडच्या कडेने धूर बाहेर सांडायला लागला. वरच्या लाइटांभोवती आधी पिवळं कडं आलं, मग लाइट दिसेनासे झाले. पुढची कित्येक वर्षं हिवाळ्याच्या बहुतेक रात्री ते बटण मीच दाबलं आहे. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. पोरगी लहान होती, नोकरी हवी होती, आणि खरं सांगायचं तर काही दिवसांनी त्याचं काही वाटेनासंही झालं. बोनस मिळाला तेव्हा त्यात माझ्या बटणाचा वाटा किती, हा हिशेब मी बायकोला सांगितला नव्हता. आज सांगतोय, आणि तुम्हालाही सांगतोय.

तर तो हिशेब असा. साठ हॉर्सपॉवर म्हणजे पंचेचाळीस किलोवॅट. आठ तास चालवला तर ३६० युनिट. भट्टी त्याच रात्री पाच घाणे काढायची, म्हणजे तीस टन, टनाला सहाशे युनिट धरले तर अठरा हजार युनिट. ३६० भागिले १८,०००. दोन टक्के. विजेच्या बिलातल्या रुपयामागे दोन पैसे वाचवायला आम्ही बाजूच्या तीन वस्त्यांवर रात्रभर लोखंडाची धूळ पाडत होतो. बॅग फिल्टर घ्यायला मालकाने लाखो रुपये खर्चले होते आणि चालवायला त्याला दोन पैसे जड झाले. यातली गोम ज्याने पॅनल सांभाळलं आहे त्याला लगेच कळते. यंत्र घेतल्याशिवाय कारखाना चालवायचं तुमचं संमतीपत्र मिळत नाही, म्हणून ते घेतलं जातं. ते चालवलं नाही तर रात्री कुणाला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवा आम्ही मोजतो, आकड्यात दिसेलच की. दिसेल का? तेही कागदावर करून पाहू. देशाचं १८ नोव्हेंबर २००९ चं हवेचं मानक आहे. पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची, चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत, वर्षाची सरासरी ६० च्या आत. पीएम २.५ ला हेच आकडे ६० आणि ४०. समजा, एखाद्या वस्तीत दिवसाचे सोळा तास पीएम १० चा आकडा ४५ आहे, म्हणजे बरी हवा. रात्रीचे आठ तास तो २०० आहे. सोळा गुणिले ४५ म्हणजे ७२०, आठ गुणिले २०० म्हणजे १६००, बेरीज २३२०, भागिले २४. उत्तर ९७. मानक पाळलं! कागदावर हिरवी खूण झाली आणि रात्रभर त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी दुप्पट धूळ ओढली. बरं, हाताने नमुने घेण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात वर्षाला किमान १०४ मोजण्या, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस. उरलेल्या पाच रात्रींचं काय, ते हवेलाच माहीत.

त्यात नागपूरचा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहावर येतो, वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार. गार हवा वर चढत नाही, वरच्या हवेचं तिच्यावर झाकण बसतं. दिवसा जो धूर आभाळात विरून गेला असता तो रात्री भाताच्या पातेल्यातल्या वाफेसारखा झाकणाखालीच फिरत राहतो. म्हणजे भट्टी पेटायची वेळ, फॅन बंद व्हायची वेळ आणि झाकण बसायची वेळ, तिन्ही एकच. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण ठरवून केलं असतं तरी याहून वाईट जमलं नसतं.

यावरचा उपाय तुमच्याच कागदात लिहिलेला आहे, म्हणून हे पत्र. मंडळ कारखान्यांना जी संमतीपत्रं देतं, त्यांच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात सर्वसाधारण अटी असतात. मी त्या मालकाच्या टेबलावर पहिल्यांदा वाचल्या, पंखा दुरुस्त करायला चढलो होतो तेव्हा. त्यातली एक अट अशी की सांडपाणी शुद्धीकरण आणि हवा प्रदूषण नियंत्रण यंत्रणेची वीज मोजायला वेगळा मीटर बसवावा. आणखी एक अट अशी की प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेला वीज नसेल तर दुसरी सोय ठेवावी, नाहीतर उत्पादन थांबवावं किंवा कमी करावं. किती शहाणपणाच्या अटी आहेत या! ज्याने कुणी लिहिल्या तो पॅनल रूममध्ये उभा राहिलेला माणूस असणार.

मग तो मीटर वाचा. फॅनच्या मीटरची रात्री दहाची आणि सकाळी सहाची नोंद, शेजारी भट्टीच्या मीटरची नोंद. भट्टी अठरा हजार युनिट फिरली आणि फॅन चाळीस, तर काय झालं हे सांगायला नीरीतला शास्त्रज्ञ नको. आजकाल मीटर आपोआप आकडे पाठवतात, दर पंधरा मिनिटांचा वापर मोठ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये नोंदलेलाच असतो. फॅनच्या मीटरलाही तसंच करा. आकडे तुमच्याकडे आले की ते रोज सकाळी गेटवरच्या पाटीवरही येऊ द्या. मराठीत आणि मोठ्या अक्षरात: काल रात्री भट्टी इतके तास, फॅन इतके तास. सकाळच्या पाळीला येणारे कामगार ते वाचतील. समोरचा पानठेलेवाला वाचेल. नागपुरात पानठेल्यावर पोचलेली बातमी दुपारपर्यंत दडून राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

चिमणीतल्या धुराचं ऑनलाइन मोजमाप आहे, ते मला माहीत आहे. २०१४ साली केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी सतरा प्रकारच्या उद्योगांना ते बसवायला लावलं. पण ते मोजतं चिमणीच्या तोंडचं. फॅन बंद असला की धूर चिमणीकडे जातच नाही, शेडच्या पत्र्यांमधून आणि खिडक्यांतून बाहेर पडतो. चिमणी त्या रात्री एकदम सोवळी! आणि छोट्या रिरोलिंगवाल्यांकडे, राइस मिलवाल्यांकडे ते यंत्र कुठलं असायला. फॅनचा मीटर काही हजारांत येतो.

आपल्याच मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना चिमणीतल्या धुळीवरून एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर मांडायची योजना सुरू केली होती, तेव्हा आमच्यासारख्यांना बरं वाटलं होतं. सुरतेत २०१९ पासून तीनशेवर कारखान्यांच्या धुळीला मिळून एक मर्यादा घालून दिली आणि ज्याने कमी सोडली त्याने उरलेला कोटा विकायचा, असा बाजार चालवला. तिथे धूळ वीस-तीस टक्के कमी झाली असं अभ्यासात दिसलं. म्हणजे आकडा खरा आणि उघडा असला की कारखानदारही हिशेब करतो. त्याला हिशेब करता येत नाही असं कुणी समजू नये. माझ्या मालकाला दोन टक्के बरोबर कळत होते.

आता कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राकडे वळतो, कारण नुसत्या छोट्या भट्ट्यांवर बोट ठेवून थांबलो तर उत्तर नागपूरची माझी गिऱ्हाइकं मला चहा पाजणार नाहीत.

कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच, शिवाय जुना २१० चा. नदीपलीकडे खापरखेड्याचे चार २१० चे आणि एक ५०० चा. नुसते ते तीन मोठे संच घेऊ. ऐंशी टक्के भाराने चालले तर दिवसाला पावणेचार कोटी युनिट वीज. एका युनिटला ढोबळमानाने साडेसहाशे ग्रॅम कोळसा, म्हणजे रोज पंचवीस हजार टनांच्या आसपास. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राख, म्हणजे साडेआठ हजार टन. त्यातली ऐंशी टक्के राख धुराबरोबर उडते, तिला अडवायला ईएसपी असतो. उभ्या पत्र्यांमधल्या तारांना हजारो व्होल्टचा दाब दिला की राखेच्या कणांवर भार येतो, ते पत्र्यांना चिकटतात, वरून हातोडे पत्र्यांना ठोकतात आणि राख खाली पडते. छान चालला तर शंभरातले ९९.९ कण धरतो. मग रोज चिमणीतून जाते सात टन.

एखाद्या फील्डची, म्हणजे ईएसपीच्या एका कप्प्याची, तार तुटली, हॉपर तुंबला, फील्ड ट्रिप झालं, की धरण्याचं प्रमाण ९९ वर येतं. कागदावर केवढासा फरक, एक टक्कासुद्धा नाही. पण बाहेर पडणारी राख सात टनांची जवळजवळ सत्तर टन झाली. नऊचा एक आकडा खोडला की दहापट. त्यात आपल्या कोळशात गंधक कमी असल्यामुळे राखेवर भार नीट बसत नाही, ती ईएसपीला दादच देत नाही. म्हणून कोराडी-खापरखेड्याच्या गेटवर मला फक्त एक पाटी हवी आहे: आज कोणत्या संचाची ईएसपीची किती फील्ड चालू, किती बंद. ही माहिती कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रत्येक मिनिटाला असते. फक्त ती महादुल्याच्या लोकांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते सकाळी गाडीच्या सीटवर बोट फिरवल्यावर, आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घातलं की. तिकडच्या एका गिऱ्हाइकाच्या घरच्या काकूंनी सांगितलं, "सांडगे आता जाळीच्या पेटीत वाळवतो भाऊ, नाहीतर मीठ कमी आणि राख जास्त."

गंधकाचं दुखणं निराळं. ७ डिसेंबर २०१५ ला केंद्राने औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा घातल्या. कोराडीच्या मोठ्या संचांच्या वयाच्या आणि आकाराच्या संचांना २०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. पाळायला दोन वर्षं दिली होती. मग मुदत २०२२ पर्यंत गेली, मग २०२१ मध्ये केंद्र कुठे आहे त्यावरून अ-ब-क गट पडले, २०२२ मध्ये तारखा पुन्हा सरकल्या, ३० डिसेंबर २०२४ ला आणखी तीन वर्षं सरकल्या. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने 'क' गटाला, चिमणी ठरल्या उंचीची असेल तर, या मर्यादेतून मोकळं केलं आणि 'ब' गटाचा निर्णय एकेका केंद्रापुरता करायचं ठरलं. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या, 'अ' गटातल्या केंद्रांना मात्र ३१ डिसेंबर २०२७ ची तारीख राहिली. नागपूर २०११ च्या जनगणनेतच चोवीस लाखांचं होतं.

यावर एक युक्तिवाद आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चिमण्या २७५ मीटर उंच, हवेतलं सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मानकाच्या आत; मग धुरातलं गंधक धुऊन काढणारी कोट्यवधींची एफजीडी यंत्रं कशाला, तीही चुनखडी आणि वीज खाणारी? ठीक. पण पंचवीस हजार टनांचा अर्धा टक्का म्हणजे सव्वाशे टन गंधक, आणि गंधक जळलं की त्याचा वायू वजनाला दुप्पट होतो. रोज अडीचशे टन. उंच चिमणीने तो दूर जातो, नाहीसा होत नाही. वाटेत हवेतल्या अमोनियाशी मिळून त्याचे बारीक कण होतात, आणि मग मोजताना ते पीएम २.५ च्या खात्यात जमा होतात. वायू म्हणून मानकाच्या आत होता, धूळ म्हणून दुसऱ्याच्या वहीत गेला. चोरी पकडायची ती कोणत्या वहीत?

कोराडीत आणखी दोन ६६० चे संच आणायच्या प्रस्तावावर २९ मे २०२३ ला जनसुनावणी झाली. नागपूरच्या मे महिन्यात! त्या उन्हात घराबाहेर पडायला माणसाला एकतर लग्नाची पत्रिका लागते नाहीतर खरी तळमळ. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा ॲश पाँड फुटून राख ओढ्यानाल्यांतून नदीकडे गेली, ते पाणी अजून कुणाच्या डोळ्यांपुढून गेलेलं नव्हतं. नव्या संचांबद्दल माझं म्हणणं एवढंच की जुन्यांची पाटी आधी गेटवर लावा. प्रत्येक संचाच्या एफजीडीचं काम कुठवर आलं, तेही तिच्यावर लिहा, तारखेसकट.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. सतत मानक ओलांडणारी जी शहरं त्यात घेतली त्यांत नागपूर आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेने २०२४ मध्ये या पैशाचा हिशेब मांडला. देशभरात खर्चाचे ६४ टक्के गेले रस्त्याच्या धुळीवर, आणि उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे. झाडू मारणारी यंत्रं आली, पाणी फवारणाऱ्या गाड्या आल्या. येऊ द्या, रस्त्याची धूळ खोटी नाही, माझ्या धरमपेठी घमेल्यात ती भरपूर आहे. पण नीलडोहच्या घमेल्यात चुंबकाला जी मिशी फुटते ती रस्ता झाडून जाणार नाही.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. कोणी माझ्या नावावर तसं खपवू नये. हिंगण्यात भट्टीवर उभा राहणारा माणूस वर्षभर घर चालवतो, आणि तो धूर सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातो. छोट्या मालकाची अडचणही मी जवळून पाहिली आहे. एक पिशवी फाटली तर तो पूर्ण संच बदलत नाही, त्या भोकावर झाकण मारतो आणि पुढची दिवाळी येईपर्यंत पाहतो. त्याच्यासाठी एमआयडीसीत पिशव्यांचा आणि दुरुस्तीचा एकत्र कंत्राटदार नेमता येईल. आयटीआयच्या पोरांना बॅग फिल्टर सांभाळायचं काम शिकवता येईल. आज ते काम माझ्यासारखा इलेक्ट्रिशियन उरल्या वेळात करतो. त्या ६१ पैशांचे दोन रुपये केले तरी एवढं होईल.

पण ज्याचं यंत्र धड आहे आणि जो फक्त बटण बंद करतो, त्याच्यासाठी कंत्राटदार नको, मीटर हवा. जनविश्वास कायद्याने १९८१ च्या हवा कायद्यातली तुरुंगवासाची भीती बरीचशी जाऊन १ एप्रिल २०२४ पासून दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. पंधरा लाख हा आकडा मालकाला समजतो. दहा हजार हाही समजतो. तो तीन-चार रात्रींची फॅनची वीज आहे. आपले अधिकारी यातला कोणता आकडा लिहितील, त्यावर सगळं आहे. म्हणून दंडाचे आदेशही फॅनच्या नोंदीसोबत लोकांना दिसू द्या.

आणि रात्री या. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरा ते चार, दोन माणसं, एक गाडी. दिवसाच्या दहा तपासण्या कमी करा, हरकत नाही.

माझं घर वानाडोंगरीत आहे, एमआयडीसीच्या बाजूला. गच्चीवर खाट टाकून झोपायची सवय अजून गेलेली नाही. थंडीत दुलई घेऊन बसतो, बायको वेडा म्हणते. तिथून मला तीन कारखान्यांचे फॅन ऐकू येतात. एकाचं बेअरिंग गेलंय, तो टिटवीसारखा ओरडतो. दुसरा जड आहे, त्याच्या घरघरीने पाण्याची टाकी थरथरते. तिसरा मध्यरात्री खाली उतरत जातो, ते मी ओळखतो. तो आवाज मी अकरा वर्षं माझ्या हाताने केला आहे. मग थोड्या वेळाने लाइटांभोवती पिवळं कडं येतं.

आपण एखाद्या रात्री एकच्या सुमारास या. जिना अरुंद आहे, टॉर्च आणा. चहा थर्मासमध्ये असेल.

आपला,
एक कूलर मिस्त्री,
वानाडोंगरी, नागपूर

ता. क. मागच्या हंगामातला गाळ मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवला आहे, वस्ती आणि तारीख चिकटवून. सतरा बरण्या आहेत. मंडळाला तपासायला हव्या असतील तर स्कूटरवर दोन फेऱ्यांत आणून देईन. बरण्या मात्र परत लागतील, आंबे येऊन राहिले.